व्हार्गास योसा आणि फ्रेंच साहित्य

नोव्हेंबर २०२१ मध्ये मारिओ व्हार्गास योसा यांची फ्रेंच अकादमीवर निवड झाली. फ्रेंचमध्ये एकही पुस्तक न लिहिलेल्या लेखकाला हा मान प्रथमच मिळत होता. योसा पेरूचे, त्यांचे सारे लेखन स्पॅनिशमधील. १९३६ मध्ये आरेकिपा येथे जन्मलेल्या आणि १३ एप्रिल २०२५ रोजी लिमा येथे निधन पावलेल्या या नोबेलविजेत्या कादंबरीकाराची जडणघडण मात्र मोठ्या प्रमाणात फ्रेंच ग्रंथांनी केली.

लिमाच्या सैनिकी शाळेत असताना त्यांनी व्हिक्टर ह्यूगोची 'ले मिझेराब्ल' वाचली. पुढे २००४ मध्ये त्यांनी या कादंबरीवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु त्यांचा खरा गुरू फ्लोबेर. १९५९ मध्ये पॅरिसला पोहोचताच त्यांनी 'मादाम बोव्हारी' विकत घेतली आणि रात्रभर जागून वाचली. उपजत प्रतिभा नसली तरी चिकाटीने ती घडवता येते, हा धडा त्यांना फ्लोबेरच्या पत्रव्यवहारातून मिळाला. निवेदकाने कथेत सर्वत्र असावे, पण कोठेही दिसू नये, हे तत्त्वही त्याचेच. 'मादाम बोव्हारी'तील कृषिप्रदर्शनाच्या प्रसंगात सरकारी भाषणे आणि प्रियाराधन एकमेकांत गुंफलेले आहे. भाषणातील पोकळपणा त्यामुळे प्रेमाच्या शब्दांनाही चिकटतो. योसा यांनी हे तंत्र फार पुढे नेले. 'कॉन्व्हर्सेशन इन द कॅथीड्रल' (१९६९) मध्ये एका मद्यालयातील संभाषणात निरनिराळ्या काळांतील अनेक संभाषणे मिसळतात आणि हुकूमशहा ओद्रियाच्या राजवटीतील पेरूचा नैतिक ऱ्हास उलगडत जातो. वाचकाची येथे चांगलीच दमछाक होते, हेही खरे. फ्लोबेरवरील 'द परपेच्युअल ऑर्जी' (१९७५) हा त्यांचा प्रबंध म्हणजे समीक्षेइतकेच एक प्रेमपत्रही आहे.

सार्त्र यांच्याशी असलेले नाते अधिक गुंतागुंतीचे. शब्द ही कृती आहे, हा त्यांचा विचार तरुण योसा यांनी इतका आत्मसात केला होता की मित्र त्यांना थट्टेने 'शूर छोटा सार्त्र' म्हणत. 'द टाइम ऑफ द हीरो' (१९६३) या पहिल्या कादंबरीच्या आरंभी सार्त्र यांच्या 'कीन' नाटकातील उतारा आहे. मात्र १९६४ मध्ये एका मुलाखतीत सार्त्र यांनी उपासमारीने मरणाऱ्या मुलापुढे आपल्या कादंबरीचे मोल काय, असा प्रश्न केला. गरीब देशात राहून लेखणीवरच विश्वास ठेवलेल्या योसा यांना हा विश्वासघात वाटला. लिहिणेच निरर्थक ठरत असेल, तर पेरूच्या लेखकाने करायचे काय? पुढे साम्यवादाशी फारकत घेताना ते काम्यूकडे वळले. 'सार्त्र आणि काम्यू यांच्यामध्ये' या अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा लेखसंग्रह १९८१ मध्ये आला. सार्त्र सुटले, फ्लोबेर मात्र अखेरपर्यंत सुटला नाही.

हा प्रवास एकतर्फी नव्हता, याची जाणीव 'द वे टू पॅरडाइज' (२००३) ही कादंबरी देते. तिची नायिका फ्लोरा त्रिस्ताँ ही फ्रेंच लेखिका. तिचे वडील पेरूचे. त्यांच्या वारशातील हिस्सा मागण्यासाठी ती १८३३ मध्ये आरेकिपाला आली होती. काकाने तो नाकारला. तिचा नातू चित्रकार पॉल गोगँ. त्याच्या बालपणीची काही वर्षे लिमामध्येच गेली.