विधान आणि पदावली : पायथन भाषेतील ‘:=’ या चिन्हाचा इतिहास

नैसर्गिक भाषेत एखादा नवा प्रयोग नेमका केव्हा शिरला, हे सांगणे सहसा अशक्य असते. संगणकाच्या आज्ञाभाषांत मात्र प्रयोगाची तिथी, त्याचे पुरस्कर्ते आणि त्यावरील आक्षेप हे सर्व नोंदलेले आढळते. प्रस्तुत टिपणाचा विषय असाच एक प्रयोग आहे.

चलाला मूल्य देणे आणि दोन मूल्ये समान आहेत असे म्हणणे, या भिन्न क्रिया होत. १९५७ च्या फोरट्रानने पहिल्या क्रियेसाठी ‘=’ हे समतेचेच चिन्ह घेतले; १९५८ साली झुरिच येथे आखलेल्या अल्गोल भाषेने ‘:=’ हे स्वतंत्र चिन्ह योजिले. पुढे सी भाषेने मूल्य देण्यास ‘=’ आणि तुलनेस ‘==’ ठरविले; शिवाय मूल्य देणे ही पदावली मानून ती अटीच्या पोटातही घालण्याची मुभा दिली. परिणामी, लिहिताना एक रेघजोडी गळाली की तुलनेऐवजी मूल्यच बदलते.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी हा धोका टाळण्यासाठी मूल्य देणे हे केवळ पूर्ण विधान मानले. मराठीतून ‘ऊन’-प्रत्ययान्त रूपे वगळावीत, तशी ही अवस्था होती. ‘ओळ वाचून ती रिकामी आहे का ते पाहा’ असे म्हणता येईना, ‘ओळ वाचा. ती रिकामी आहे का ते पाहा.’ अशी दोन वाक्ये करावी लागत.

ही उणीव भरून काढण्यासाठी फेब्रुवारी २०१८ मध्ये ५७२ क्रमांकाचा प्रस्ताव पुढे आला. ख्रिस अँजेलिको, टिम पीटर्स व स्वतः व्हान रॉसम हे त्याचे लेखक. ‘ॲज’ या शब्दाचा पर्याय विचारात घेतला गेला. परंतु त्या भाषेत तो अन्यत्र निराळ्या अर्थाने रूढ असल्याने नाकारण्यात आला. अखेर अल्गोलचे जुने ‘:=’ स्वीकारले गेले. स्वतंत्र विधान म्हणून ते कंसाविना वापरता येत नाही; तेथे ‘=’ च हवे. दोन चिन्हांची क्षेत्रे अशी बहुतांशी परस्परपूरक राहिली, आणि सी भाषेतील घोटाळा टळला.

तरीही विरोध तीव्र होता. एकाच गोष्टीचे दोन मार्ग कशास, आणि वाचनसुलभतेचे काय, असे आक्षेप घेतले गेले. प्रस्ताव संमत झाला. पण या वादाने शिणलेल्या व्हान रॉसम यांनी १२ जुलै २०१८ रोजी अंतिम निर्णयाचा अधिकार सोडला. ऑक्टोबर २०१९ च्या ३.८ या आवृत्तीत ‘:=’ दाखल झाले; तत्पूर्वीच भाषेची सूत्रे पाच निर्वाचित सदस्यांच्या मंडळाकडे गेली होती.

यातून एक निष्कर्ष निघतो. रचलेल्या भाषेलाही बोलणारा समाज लाभला की व्याकरण एकट्या कर्त्याचे राहत नाही. चिन्ह कर्त्याच्या मताप्रमाणे आले खरे. परंतु त्याच्या एकहाती अधिकाराचा तो शेवटचा मोठा निर्णय ठरला.