बोन्सायची कुंडी

बोन्साय वृक्ष वाढवण्यासाठी व मांडण्यासाठी वापरले जाणारे, तळाला छिद्रे असलेले, बहुधा उथळ पात्र. चीनमधील थांगकालीन राजपुत्र चांगह्वाय याच्या ७०६ सालच्या थडग्यातील भित्तिचित्रात लहान दगड व रोपे मांडलेले तबक नेणारी सेवकाची आकृती आहे. जपानमध्ये १३०९ च्या कासुगा गोंगेन चित्रगुंडाळीत अशी तबके दिसतात. पुढे चीनमधील यीशिंग आणि जपानमधील आइची प्रांतातले तोकोनामे ही या कुंड्यांची नामांकित केंद्रे झाली. चीनमधून पूर्वी जपानमध्ये आलेल्या जुन्या कुंड्यांना ‘कोवातारी’ म्हणतात. हाताळणीने त्यांवर चढलेल्या मंद तकाकीमुळे संग्राहक त्यांना फार मान देतात.

कुंडी झाड पाहून निवडतात, आणि या निवडीत रंगरूपापेक्षा खोली अधिक निर्णायक असते. पाणी निथळल्यावरही कुंडीतल्या मातीच्या तळाशी चिंब ओला थर उरतो. त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते. कुंडी खोल असो वा उथळ, ती तेवढीच राहते. समजा हा थर २ सेंमी.चा आहे. २० सेंमी. खोल कुंडीत तो मातीचा दहावा भाग व्यापतो, ४ सेंमी. खोल कुंडीत मात्र निम्मी माती चिंब राहते. उथळ कुंडीत पाणी लवकर निथळते हा समज म्हणूनच घातक आहे. अनेक झाडे त्यापायी मुळे कुजून मरतात. तळाशी खडीचा थर घातल्यानेही उपयोग होत नाही, कारण चिंब थर तेवढाच वर सरकतो. खरा उपाय म्हणजे मिश्रण चाळून धूळ काढणे आणि ३ ते ६ मिमी. दाणे वापरणे. जपानमध्ये त्यासाठी आकादामा ही दाणेदार माती वापरतात, आपल्याकडे विटांचे चाळलेले तुकडे चालतात. पावसाची झड लागली की कुंडीच्या एका टोकाखाली लाकडी ठोकळा सरकवून ती तिरपी ठेवतात. मातीची उभी उंची त्यामुळे वाढते व साठलेले पाणी उतरत्या बाजूच्या छिद्रातून निघून जाते. कोकणातल्या पावसाळ्यात ही युक्ती अवश्य करावी. एप्रिल-मेमध्ये मात्र हीच उथळ कुंडी झपाट्याने सुकते आणि दिवसातून दोनदा पाणी मागते.

मापाचा रूढ संकेत असा : कुंडीची खोली बुंध्याच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश. ४५ सेंमी. उंच, ५ सेंमी. बुंध्याच्या झाडाला ३० सेंमी. लांब व ५ सेंमी. खोल कुंडी शोभते. झाड उंचीपेक्षा रुंद असेल, तर लांबी पसाऱ्यावरून ठरवतात. कड्यावरून लोंबणाऱ्या घाटाला (केंगाई) उंच कुंडी लागते, कारण झाडाचा भार एका बाजूला कलतो. सडपातळ, मोजक्या फांद्यांच्या बुन्जिन घाटाला लहान गोल कुंडी देतात. वनरचनेला रुंद, अगदी उथळ तबक किंवा दगडी फरशी लागते.

पाइन, जुनिपर यांसारख्या सूचिपर्णी झाडांना बिनझिलईची तपकिरी वा करडी कुंडी देतात. भारदस्त बुंध्याला कोनदार आयत, नाजूक वळणाला लंबगोल. मेपल व फुलाफळांच्या झाडांना झिलई चालते. नारिंगी फळांखाली निळी झिलई विशेष खुलते, परंतु झाडाआधी कुंडीकडेच नजर जात असेल तर ती बदलावी. झिलई बाहेरूनच असावी. आतला पृष्ठभाग खरखरीत, तळ सपाट, पाय जमिनीपासून पाणी वाहून जाईल इतके उंच आणि छिद्रे मोठी हवीत. तारेने मुळे बांधण्यासाठी वेगळी बारीक छिद्रे असली तर उत्तम. न बांधलेल्या, वाऱ्यात हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळे तुटत राहतात.

ही सारी मापे घडलेल्या झाडासाठी आहेत. बुंधा अजून जाड व्हायचा असेल, तर प्रशस्त कुंडी, लाकडी खोके किंवा जमीनच योग्य, कारण लहान कुंडीत मुळे आखडतात आणि खोडाची वाढ मंदावते. वड-उंबराच्या कोवळ्या रोपांना घाईने शोभेच्या थाळीत बसवू नये. बुंधा हवा तेवढा भरल्यावरच पुनर्रोपणाच्या वेळी त्यांची कुंडी बदलावी.