डमडम ताप आणि सार्वजनिक आरोग्याची वाट

कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीवरून काळ्या आजाराला ‘डमडम ताप’ हे नाव मिळाले. सूक्ष्मदर्शकाच्या वापरात पारंगत असलेल्या विल्यम लीशमन यांनी डमडमहून परतलेल्या मृत सैनिकाच्या प्लीहेतील परजीवीची माहिती १९०३ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मद्रासमध्ये चार्ल्स डोनोव्हन यांनाही तो आढळला. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी डॉक्टर होते आणि रसायनशास्त्राचे पदवीधरही. कॅम्पबेल रुग्णालयातील तुटपुंज्या साधनांची उणीव त्यांनी या विद्येने भरून काढली आणि काळ्या आजारावर युरिया स्टिबामाइन हे औषध घडवले. १९३२ मध्ये कलकत्त्यात अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्था स्थापन झाली आणि या क्षेत्राला रीतसर शिक्षणाची सोय लाभली. या क्षेत्रात येणाऱ्याने आपले बळ आणि उणीव आधी ओळखावी, मगच वाट निवडावी.