लाइम रोगाचा शोध आणि रुग्णांच्या नोंदी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

वैद्यकशास्त्राचा इतिहास बहुधा संशोधकांच्या नावांनी लिहिला जातो. रुग्ण त्यात केवळ संख्येच्या रूपाने येतो. अमेरिकेतील लाइम रोगाचा इतिहास या दृष्टीने काहीसा निराळा आहे. जाणकार उपचार मिळण्यापूर्वी येथे रोगाला नाव मिळणे आवश्यक होते, आणि त्यासाठी प्रथम धडपड केली ती दोन मातांनी. प्रस्तुत लेखात या घटनाक्रमाचा मागोवा घेतला आहे.

कनेक्टिकट राज्यातील लाइम या रानाने वेढलेल्या छोट्या गावात राहणाऱ्या पॉली मरे यांना १९५० च्या दशकापासून सांधेदुखी, ताप, पुरळ व थकवा यांचा त्रास होत होता. पुढे त्यांच्या मुलांचेही सांधे सुजू लागले. तपासण्यांतून काही निष्पन्न होत नसल्याने हा त्रास मानसिक असावा, असेही डॉक्टरांनी सुचविले. मरे यांनी मात्र कुटुंबातील प्रत्येकाच्या लक्षणांची नोंद ठेवली आणि अशाच तक्रारी असलेल्या शेजाऱ्यांची माहिती गोळा केली. १९७५ मध्ये त्यांनी राज्याच्या आरोग्य खात्याला हे कळविले. त्याच सुमारास ओल्ड लाइम येथील ज्युडिथ मेन्श यांनीही परिसरातील मुलांच्या आजाराकडे लक्ष वेधले. या मुलांना बालसंधिवाताचे निदान मिळाले होते. बालसंधिवात हा विरळ आणि संसर्गजन्य नसलेला आजार. तो एकाच रस्त्यावरील अनेक घरांत कसा आढळावा, हा प्रश्न डॉक्टरांआधी या मातांना पडला, ही बाब उल्लेखनीय आहे.

येल विद्यापीठातील डॉ. ॲलन स्टीअर यांनी या नोंदी गांभीर्याने घेतल्या. १९७७ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लगतच्या तीन वस्त्यांतील ५१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ३९ मुले होती. एकूण रुग्णांपैकी १३ जणांना सांधेदुखीपूर्वी त्वचेवर पसरत जाणारा लाल चट्टा दिसला होता. हा चट्टा युरोपला अपरिचित नव्हता. स्वीडनमधील आर्विड अफ्झेलियस यांनी १९०९ मध्येच त्याचे वर्णन करून गोचिडीच्या चाव्याशी त्याचा संबंध जोडला होता, आणि शतकाच्या मध्यास तेथील डॉक्टर त्यावर पेनिसिलिन देत होते. म्हणजे उपचाराचे ज्ञान अस्तित्वात होते. ते लाइमपर्यंत पोहोचले नव्हते इतकेच. पुढे १९८१ मध्ये मोंटाना येथील प्रयोगशाळेत विली बुर्गडॉर्फर यांना गोचिडींच्या आतड्यात सर्पिल जिवाणू आढळले. १९८२ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला व नंतर जिवाणूला त्यांचेच नाव मिळाले.

कारण सापडल्याने उपचाराला निश्चित दिशा मिळाली. प्रारंभिक अवस्थेत दहा ते चौदा दिवसांची प्रतिजैविके बहुतेक रुग्णांना पुरतात. मात्र पहिल्या काही आठवड्यांत रक्तातील प्रतिपिंडांची तपासणी नकारार्थी येऊ शकते. अशा वेळी चट्टा ओळखणारी डॉक्टरांची नजरच निर्णायक ठरते.

तथापि काही रुग्णांचा थकवा, वेदना व विस्मरण उपचारानंतरही महिनोन्‌महिने टिकून राहते. येथून इतिहासाला कटू वळण लागले. दीर्घकाळ प्रतिजैविके द्यावीत, असे काही डॉक्टर व रुग्णसंघटनांचे म्हणणे होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत १२९ रुग्णांचा समावेश होता. त्यांत नव्वद दिवसांच्या प्रतिजैविकांचा नकली औषधापेक्षा अधिक लाभ आढळला नाही. अमेरिकेतील संसर्गरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २००६ मध्ये दीर्घ उपचारांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा कनेक्टिकटच्या ॲटर्नी जनरलनी त्या प्रक्रियेची चौकशी केली. २००८ च्या तडजोडीनुसार नेमलेल्या समितीने २०१० मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या.

वैज्ञानिकदृष्ट्या हा निर्णय समर्थनीय होता, असे प्रस्तुत लेखकास वाटते. परंतु औषधाचा उपयोग नाही, हे सांगणे आणि आजार नाही, असे सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. अनेक रुग्णांनी पहिले विधान दुसऱ्यासारखे ऐकले, आणि काही डॉक्टरांनी ते तसेच उच्चारलेही. महागडी, निरर्थक व क्वचित घातक औषधयोजना विकणाऱ्यांना त्यातून वाव मिळाला. १९९६ मध्ये प्रकाशित झालेल्या ‘द वायडनिंग सर्कल’ या पुस्तकात मरे यांनी आपली हकिगत लिहिली. त्यांची आशा एखाद्या रामबाण औषधावर विसंबलेली नव्हती. कोणत्या दिवशी कोणाचा गुडघा सुजला, हे त्या लिहून ठेवीत राहिल्या आणि ते कागद वाचणारा डॉक्टर शोधीत राहिल्या. पहिल्या लक्षणांपासून तो भेटेपर्यंत सुमारे वीस वर्षे गेली.