सेव्ह्र

सेव्ह्र : फ्रान्समधील पॅरिस महानगराचे एक छोटे उपनगर. ईल-द-फ्रान्स प्रदेशाच्या ओ-द-सेन विभागात, पॅरिसच्या मध्यापासून नैर्ऋत्येस सुमारे १० किमी. अंतरावर, सेन नदीच्या डाव्या तीरावर ते वसले आहे. क्षेत्रफळ सुमारे ४ चौ. किमी., लोकसंख्या सुमारे २३,०००. उत्तरेस सँ-क्लू, पश्चिमेस व्हिल-दाव्हरे व शाव्हिल, दक्षिणेस मदाँ आणि नदीपलीकडे बूलोन्य-बियांकूर ही शेजारची गावे. पॅरिसहून व्हर्सायला जाणारा जुना राजमार्ग येथे सेन ओलांडून पुढे जाई. १८३९ व १८४० मध्ये या दोन शहरांदरम्यान सुरू झालेल्या दोन लोहमार्गांनीही हे गाव जोडले गेले. महानगराच्या कडेचे गाव म्हणजे तिथल्या नोकरदारांची राहण्याची सोय, अशी सर्वसाधारण समजूत असते. सेव्ह्रचा इतिहास ती खोटी ठरवतो. राजधानीची सत्ता हाताशी असावी, पण तिची दाटी आणि वर्दळ नसावी, अशा कामांना हे गाव पुनःपुन्हा योग्य ठरले आणि त्यातूनच त्याला स्वतःचे महत्त्व मिळाले.

याचा पहिला पुरावा चिनी मातीच्या कारखान्याचा. १७४० मध्ये पॅरिसच्या पूर्वेस व्हँसेन येथे सुरू झालेला हा कारखाना १७५६ मध्ये सेव्ह्रला आणला गेला आणि १७५९ मध्ये पंधराव्या लुईने तो पूर्णपणे आपल्या मालकीचा केला. त्याची आश्रयदाती मादाम द पाँपादूर हिचा बेलव्ह्यू हा प्रासाद शेजारच्याच टेकडीवर होता. व्हर्सायचा दरबार एका बाजूला आणि पॅरिसचे श्रीमंत ग्राहक दुसऱ्या बाजूला, अशी ही जागा होती. आरंभी येथे केओलीन या पांढऱ्या मातीविना तयार होणारी मऊ प्रकारची भांडी बनत. १७६८ मध्ये लिमोझजवळ सँ-तिर्ये येथे केओलीनचे साठे सापडल्यावर कठीण प्रकारची खरी चिनी मातीही घडवता येऊ लागली. गडद निळा रंग आणि सोन्याची कलाकुसर ही सेव्ह्रच्या भांड्यांची ओळख युरोपभर झाली.

यावर असा आक्षेप घेता येईल, की हे सारे राजाच्या मर्जीचे फळ होते. गावाचे त्यात काय? मर्जीमुळे कारखाना आला, हे खरेच आहे. पण मर्जी गेल्यावरही तो टिकला, हे अधिक महत्त्वाचे आहे. १७८९ च्या राज्यक्रांतीने राजा आणि दरबार दोन्ही नाहीसे केले, तरी कारखाना उरला. १८०० ते १८४७ या काळात शास्त्रज्ञ आलेक्सांद्र ब्राँन्यार याने त्याचे संचालन केले, रसायनशास्त्राच्या आधारे रंग व भाजणीची पद्धत सुधारली आणि १८२४ मध्ये मृत्पात्रकलेचे संग्रहालय स्थापले. जुनी इमारत अपुरी पडल्यावर १८७६ मध्ये नवी बांधली, तीही सेव्ह्रमध्येच, सेनच्या पुलाजवळ. मातीला आकार देणे, भट्टी लावणे, मुलामा चढवणे ही कौशल्ये उस्तादाकडून शिकाऊ कारागिराकडे हातोहात जातात. असे कसब एका ठिकाणी रुजले की ते हलवणे राज्यकर्त्यांनाही सोपे नसते. रिकामी झालेली जुनी इमारतही पडून राहिली नाही. १८८१ मध्ये तेथे मुलींच्या माध्यमिक शाळांसाठी शिक्षिका घडवणारी उच्च संस्था सुरू झाली. मारी क्यूरी १९०० पासून तेथे भौतिकी शिकवीत असत. स्त्रीशिक्षणाच्या फ्रेंच इतिहासात सेव्ह्रचे स्थान या संस्थेमुळे आहे.

दुसरा पुरावा वजनमापांचा. २० मे १८७५ रोजी १७ राष्ट्रांनी पॅरिसमध्ये मीटर करारावर सह्या केल्या. त्यातून निर्माण झालेल्या आंतरराष्ट्रीय वजनमाप कार्यालयाला सेव्ह्रलगतचा ब्रतय मंडप देण्यात आला. प्लॅटिनम-इरिडियमचा प्रमाण किलोग्रॅम १८८९ पासून येथे जपला गेला आणि २० मे २०१९ पर्यंत जगातील प्रत्येक वजनाचा अंतिम आधार तोच होता. हा मंडप सँ-क्लूच्या राष्ट्रीय उद्यानात मोडतो, तेव्हा त्याचे श्रेय सेव्ह्रला का द्यावे, असे कोणी विचारील. नगराच्या सीमेचा काटेकोर विचार केला तर शंका रास्त आहे. पण कार्यालयाचा पत्ता सेव्ह्रचा आहे आणि जगभरचे वैज्ञानिक त्याला याच गावाच्या नावाने ओळखतात. भारत १९५७ मध्ये या करारात सामील झाला. शेर, मण, तोळा जाऊन किलोग्रॅम आला, तेव्हा आपल्या बाजारातील तागडीचा संबंधही सेव्ह्रशी जोडला गेला. भारताची ५७ क्रमांकाची प्रमाण प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे.

तिसरा पुरावा राजकारणाचा आहे आणि तो गौरवाचा नाही. पहिल्या महायुद्धानंतर उस्मानी साम्राज्याची वाटणी करणारा तह १० ऑगस्ट १९२० रोजी कारखान्याच्या दालनात झाला. त्याच्या अटींनी भारतातील खिलाफत चळवळीचा रोष वाढवला. तुर्की राष्ट्रवाद्यांनी तो झुगारला आणि १९२३ मध्ये लोझानच्या तहाने त्याची जागा घेतली. ऑक्टोबर १९५६ मध्ये येथील एका खाजगी बंगल्यात ब्रिटन, फ्रान्स व इझ्राएल यांनी ईजिप्तवरील हल्ल्याचा गुप्त करार केला. २९ ऑक्टोबरला इझ्राएलने सिनाईत सैन्य घुसवले. या निर्णयांत गावकऱ्यांचा काही वाटा नव्हता, त्यामुळे त्यांचा दोष गावावर येत नाही. तरीही राज्यकर्त्यांना पॅरिसपासून काही मिनिटांवर, पण पॅरिसच्या नजरेआड अशी जागा हवी असताना सेव्ह्र उपयोगी पडले, हे १९५६ च्या गुप्त करारावरून दिसते.

आज येथील बरेच रहिवासी कामासाठी रोज महानगरात जातात आणि त्या अर्थी सेव्ह्र इतर उपनगरांसारखेच आहे. पण कारखाना अजून चालू आहे, संग्रहालय लोकांना खुले आहे आणि वजनमाप कार्यालयाचे कामही सुरू आहे. पॅरिसच्या इतिहासातील तळटीप म्हणून त्याची बोळवण करणे योग्य नाही. स्वतंत्र नोंदीचा अधिकार या गावाने आपल्या कामाने मिळवला आहे.