बॉमोल, विल्यम जॅक

(२६ फेब्रुवारी १९२२ – ४ मे २०१७). अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ व प्रयोगकलांच्या अर्थकारणाच्या अभ्यासाचे एक आद्य प्रवर्तक. कलाव्यवस्थापनाचे अध्यापक म्हणून त्यांची ख्याती नाही. तथापि सरकारी खजिन्यातून द्रव्यसाहाय्य मागताना नाट्यसंस्थांचे व वाद्यवृंदांचे चालक ज्या युक्तिवादाचा आधार वारंवार घेतात, तो मुख्यतः त्यांचा आहे.

जन्म न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, पूर्व यूरोपातून आलेल्या स्थलांतरित कुटुंबात. १९४२ मध्ये सिटी कॉलेजची पदवी घेतल्यावर त्यांनी लष्करात व कृषिखात्यात काही काळ चाकरी केली. पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सने त्यांना प्रथम डॉक्टरेटसाठी प्रवेश नाकारला. परंतु लायोनेल रॉबिन्झ यांच्या चर्चासत्रातील त्यांचे वादपटुत्व पाहून थोड्याच आठवड्यांत केवळ प्रवेशच नव्हे, तर साहाय्यक व्याख्यात्याचे पदही दिले. हे रॉबिन्झ लंडनच्या नॅशनल गॅलरीचे व कॉव्हेंट गार्डन संगीतिकागृहाचेही कारभारी होते, हा योगायोग लक्षणीय आहे. १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवून बॉमोल प्रिन्स्टन विद्यापीठात दाखल झाले आणि १९७१ पासून न्यूयॉर्क विद्यापीठातही अध्यापन करू लागले. ते स्वतः काष्ठशिल्पी होते व ती कला त्यांनी प्रिन्स्टनमध्ये शिकविलीही.

विल्यम बोएन या सहकाऱ्यासमवेत लिहिलेला *परफॉर्मिंग आर्ट्‌स : दि इकॉनॉमिक डायलेमा* (१९६६) हा ट्‌वेंटिएथ सेंचरी फंडाच्या आश्रयाने सिद्ध झालेला ग्रंथ त्यांच्या या क्षेत्रातील कीर्तीचा पाया होय. त्यातील युक्तिवाद असा : शूबर्टची पाऊण तासाची रचना चार तंतुवादकांनी सादर करावयाची तर तीन मनुष्य-तास लागतात, शूबर्टच्या हयातीतही तेवढेच लागत, आणि यंत्रविद्या कितीही पुढे गेली तरी त्यांत कपात संभवत नाही. कारण कारखान्यात श्रम हे वस्तू घडविण्याचे साधन असते, तर रंगमंचावर कलावंताचे श्रम हीच प्रत्यक्ष वस्तू असते. तथापि कारखान्यातील उत्पादकतेबरोबर तेथील वेतन वाढत जाते आणि वादकही त्याच समाजात संसार करीत असल्यामुळे त्याचेही वेतन, विलंबाने का होईना, वाढवावे लागते. परिणामी प्रयोगाचा खर्च सर्वसाधारण भावमानापेक्षा अधिक वेगाने चढत राहतो. न्यूयॉर्क फिलहार्मॉनिक वाद्यवृंदाच्या जमाखर्चावरून लेखकद्वयाने दाखविले की, १८४३ ते १९६४ या काळात दर मैफलीमागील खर्च वर्षास सरासरी २·५ टक्क्यांनी वाढला, तर घाऊक किंमती १ टक्क्याने. तेव्हा तूट ही गैरकारभाराची खूण नसून या व्यवसायाची प्रकृतीच होय, असा त्यांचा निष्कर्ष आहे. ‘खर्चाची व्याधी’ म्हणून तो प्रसिद्ध असून बॉमोल यांनी १९६७ मधील एका निबंधात शिक्षण, नगरसेवा इत्यादी श्रमप्रधान व्यवसायांसही तो लागू केला.

अमेरिकेत कलांच्या राष्ट्रीय निधीचा कायदा १९६५ मध्येच संमत झाला होता. ग्रंथाने तो घडवून आणला असे म्हणणे कालक्रमास धरून नाही. अनुदान ही एकदाची मदत नसून कायमची तजवीज असावी, या मागणीला मात्र त्याने शास्त्राचे बळ दिले. अनुदानाचे कैवारी सहसा विसरतात ते असे की, याच ग्रंथातील पाहणीत प्रेक्षकवर्ग प्रामुख्याने उच्चशिक्षित, उच्च व्यवसायांतील व संपन्न आढळला होता. सर्वांच्या करातून थोड्यांची करमणूक का व्हावी, हा प्रश्न त्यामुळे अधिकच तीव्र होतो आणि खर्च का वाढतो हे सांगणारा सिद्धान्त त्याचे उत्तर देऊ शकत नाही. लेखकांनाही याची जाणीव होती. म्हणून सरकारी साहाय्याच्या समर्थनाचा विचार त्यांनी स्वतंत्रपणे केला.

ध्वनिमुद्रण व प्रक्षेपण यांमुळे एकाच वादनाचा लाभ लक्षावधींना होतो, तेव्हा उत्पादकता स्थिर कशी, असा आक्षेप टायलर कोएन इत्यादी अर्थशास्त्रज्ञांनी घेतला. तो रास्त असला, तरी प्रत्यक्ष प्रयोगावर जगणाऱ्या मंडळीच्या हिशेबात त्याने फारसा फरक पडत नाही.

कलांविषयीच्या भाबड्या अर्थकल्पनांना बॉमोल यांनी अन्यत्रही धक्का दिला. चित्रांच्या सुमारे तीन शतकांच्या विक्रीचा अभ्यास करून त्यांनी १९८६ मध्ये दाखविले की, भाववाढ वजा जाता चित्रखरेदीवरील उत्पन्न वर्षास जेमतेम ०·५५ टक्के पडते. पत्नी हिल्डा यांच्यासमवेत त्यांनी मोट्सार्टकालीन व्हिएन्नातील संगीतरचनेच्या अर्थव्यवहारावरही लेखन केले.

*दि कॉस्ट डिसीज* (२०१२) या उत्तरकालीन ग्रंथात बॉमोल यांनी असे मांडले की, समाजाची एकूण उत्पादकता वाढत असेल, तर महाग होत जाणाऱ्या अशा सेवांचा खर्च त्याला सोसतो. त्यांच्या नावाने ‘कला परवडत नाही’ असे सांगणाऱ्यांनी हा ग्रंथ वाचलेला नसतो.