बाळंतपणाची रजा : पगार कोणी द्यायचा?



माझी टीम अर्धी पुण्यात, अर्धी ऑस्टिनला. एकाच वर्षी दोन्हीकडच्या एकेकीने बाळंतपणाची रजा घेतली. पुण्याच्या मुलीला कायद्याने २६ आठवडे भरपगारी, ऑस्टिनच्या मुलीला १२, तेही बिनपगारी. आपण किती पुढे, म्हणून मी खूश!

मग जरा इतिहास चाळला. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार बायकांसाठी प्रसूती-लाभाचं बिल आलं. डॉ. आंबेडकरांनी पाठिंबा देताना म्हटलं, हा भार मुख्यतः सरकारचा; पण बाईच्या कामाचा फायदा मालकाला होतो, तेव्हा त्यानेही तो उचलावा. १९२९ ला कायदा झाला, पैसे मात्र मालकानेच द्यायचे. १९६१ च्या केंद्रीय कायद्याने १२ आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने २६. आयटीत तरी खर्च अजून कंपनीचाच.

अमेरिकेत १९९३ च्या कायद्याने नोकरी शाबूत राहिली, पगार नाही. पण कॅलिफोर्नियाने २००४ पासून, न्यू जर्सीने २००९ पासून सगळ्यांच्याच पगारातून थोडी रक्कम कापून त्यातून भरपाई सुरू केली. पुरुषांच्याही पगारातून, आणि रजाही बापालासुद्धा!

हे का महत्त्वाचं? पुढच्या भरतीच्या वेळी कॉलवर एकजण सहज म्हणाला, "यंदा मुलगाच घेऊ या, परवडत नाही." मी गप्प बसलो. नुसते आठवडे वाढवून भागत नाही. बिल एकाच्याच माथी आलं की ते शेवटी मुलींकडूनच वसूल होतं.

पुढच्या कॉलला गप्प बसणार नाही म्हणतो.

चूभूद्याघ्या.